ताईच्या सासरचा दरवाजा

ताईचं लग्न रिसालीच्या जुन्या वस्तीतल्या छत्तीसगढी घरात झालं. दुसऱ्या दिवशी बाबांनी तिला दिलेलं लोखंडी कपाट घेऊन आम्ही हुडको कॉलनीतल्या आमच्या घरून मेटाडोरनं निघालो. ते घर मी तेव्हा पहिल्यांदा धड पाहिलं, आणि घराआधी त्याचा दरवाजा.

बाजूचे दगड कुठल्यातरी पडलेल्या देवळाचे; त्यांवर कमळं आणि हात जोडलेली, झिजून गुळगुळीत झालेली एक बाई. वर चुन्याची, पाकळ्यापाकळ्यांची महिरप. सागवानी फळ्यांवर पितळी फुल्या. महिरपीला तडा गेला तेव्हा ताईच्या सासऱ्यांनी तिच्याखाली लोखंडी गर्डर बसवलेला. ज्यानं त्यानं आपल्या काळचं काही घातलं होतं, आधीचं काढलं मात्र कोणीच नव्हतं. मी बघतच राहिलो.

कपाट काही आत जाईना. आडवं केलं, तिरपं केलं. शेवटी बाजूचा दगड फोडायला सासऱ्यांनी घण आणला.

"बहू ले बड़का नइ हे दुआर," ते म्हणाले. सुनेपेक्षा दार मोठं नाही. तो कमळाचा दगड त्यांच्या पणजोबांनी बैलगाडीतून आणलेला, हे सांगताना त्यांचा आवाज खाली गेला, पण घण हातातच होता.

बाबांनी कपाट खाली टेकवलं. तेवढ्यात डोक्यावरचा पदर सावरत ताईच बाहेर आली.

"बाबा, तुमी त्याइले कावून तोडू देऊन राहिले? मले नाही पाहिजे कपाट."

"अवं, मंग कपडे कुठी ठेवशीन?"

"पेटीत ठेवीन. असा दरवाजा कुठी भेटते काय?"

सासऱ्यांना मराठी येत नव्हती, तरी त्यांनी घण भिंतीला टेकवला. मग सासूबाईंनीच तोड काढली. मागच्या बाडीची, म्हणजे परसाची, मातीची भिंत तशीही अर्धी खचली होती. ती पाडून आम्ही कपाट आत घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा गेलो, तर मेंदीच्या हातांनी ताई तुडवलेला चिखल उचलून देत होती आणि सासूबाई भिंत रचत होत्या.

"नवी नवरी अन् हे काम?" मी म्हटलं.

"माह्याच कपाटापायी पडली न भिंत. तू पाहून काय राहिला? पाणी आण."

त्या दिवाळीला दरवाजाच्या फळ्यांना तेल लावायचं काम सासऱ्यांनी ताईकडे दिलं. तोवर ते स्वतःशिवाय कोणाला त्या फळ्यांना हात लावू देत नसत. अजून तीच लावते.