गायकवाडांचा शेरा

शुक्रवार, सकाळी साडेसात. दहा मीटर अंतर, खजुराचं पान एकवीस सेकंदांत पार. हजर: गायकवाड, मी आणि सालेम. गायकवाडांच्या वहीतली ही पहिली नोंद. अशा एकसष्ट नोंदी आहेत. अठ्ठेचाळीस वेळा मी सोबत होतो.

गायकवाड आमच्या कंपनीत सर्व्हेअर होते. मूळचे महाडचे, इथे आखातात दार्सैतला आमच्याच इमारतीत राहायचे. जेवायला बोलावलं तरी आधी गळका नळ बघत, त्याखाली पेला धरून घड्याळ लावत. "वहिनी, दिवसाला साडेचार लिटर. वॉशर बदला, मग वाढा."

इथे बारमाही नद्या नाहीत. डोंगराच्या पोटातलं पाणी उताराने गावात आणणारा जुना कालवा, म्हणजे फलज, हीच गावाची नदी. सरकार असे फलज वारसा म्हणून नोंदवतं. नोंद झाली की आसपास खोदकाम बंद. त्या पाहणीचं काम आमच्याकडे होतं. इब्राजवळच्या एका गावात गायकवाड गेले, तेव्हा वर्षाच्या सफाईसाठी गावाने पाणी मुखाशीच अडवलं होतं. कालवा कोरडा. त्यांनी शेऱ्याच्या रकान्यात तसं स्पष्ट लिहिलं.

आमचे मॅनेजर सबनीस यांच्या मित्राला तिथे खडीची खाण हवी होती. सबनीसांनी तो रकानाच काढून टाकला. अहवालात उरलं एवढंच: 'फलज मृत', खाली गायकवाडांची सही. अहवाल पाठवला मी. पानं मोजली होती, रकाने मोजले नव्हते.

यादीतून गाव गळलं, तेव्हा फलजचा राखणदार सालेम याचा गायकवाडांना फोन आला. तो आमच्याशी मोडक्या हिंदीत बोलायचा, आम्हा सगळ्यांना 'मुहंदिस' म्हणजे इंजिनिअर म्हणायचा. "मुहंदिस, तू मेरे घर में कहवा पिया. फिर ऐसा लिखा?"

गायकवाड ऑफिसात ओरडले नाहीत. मी म्हटलं, "तक्रार करा."

"तक्रार केली तर म्हणतील, माणूस रागावलाय."

"रागावलाच आहात की!"

"आहे ना. पण राग कशात मोजणार? पाणी मोजता येतं." मग म्हणाले, "पाण्याच्या बाबतीत महाडच्या माणसाला फसवायचं नव्हतं त्यांनी."

पुढचे चौदा महिने दर शुक्रवारी दोन तास गाडी हाकत आम्ही इब्राला गेलो. कालव्यात पान सोडायचं, वेळ आणि खोली लिहायची, सालेमचा अंगठा घ्यायचा. रविवारी, म्हणजे इथल्या आठवड्याच्या पहिल्या दिवशी, ऑफिसात सबनीसांना गायकवाड न चुकता "गुड मॉर्निंग, सर" म्हणत.

गावाने हरकत घेतली, सोबत त्या वहीची प्रत जोडली. फेरतपासणीला अधिकारी आले. कंपनीतर्फे सबनीसांना यावंच लागलं. पाणी वाहत होतं. गायकवाडांनी त्यांच्या हातात पान दिलं. "साहेब, तुम्हीच सोडा."

पान गेलं.

"किती?"

"अठरा," सबनीस पुटपुटले.

"मोठ्याने, साहेब. सालेमला कमी ऐकू येतं."

सालेमचे कान शाबूत होते. त्याने मात्र कानामागे हात धरला. सबनीस ओरडले, "अठरा सेकंद!"

"झालं ना समाधान? आता खलास करा," गाडीकडे वळत सबनीस म्हणाले.

"शेरा राहिलाय." गायकवाडांनी वही पुढे केली. अधिकाऱ्यांसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. सबनीसांनी स्वतःच्या हाताने लिहिलं: 'पाहणीच्या दिवशी पाणी सफाईसाठी अडवलेलं होतं. हा शेरा मी काढला.' खाली सही.

फलज नोंदला गेला. कंपनीचं काम गेलं, त्याबरोबर सबनीसांची नोकरी गेली आणि गायकवाडांचीही. त्यांना हे आधीच ठाऊक होतं. मायदेशी जाण्याआधी सबनीस दार्सैतला आले. "गायकवाड, मला घरदार आहे हो. वहीतलं तेवढं पान फाडून द्या."

"सालेमलाही घरदार आहे," असं म्हणून त्यांनी दार लावलं. मला तेव्हा ते जरा जास्त वाटलं होतं. आता वाटत नाही.

निरोपाला आम्ही गावात गेलो. फलजचं पाणी तिथे पाळीने वाटतात. गावाने गायकवाडांच्या नावे आठवड्याला अर्ध्या तासाचं पाणी काढून ठेवलं होतं. सालेमने विचारलं, "किस को देगा?"

"खजुराचं एक झाड लावा," गायकवाड म्हणाले, "त्याला सबनीस नाव द्या. पाणी सोडताना दर वेळी कुणीतरी पोरांना सांगायचं, हा सबनीस कोण आणि त्याने काय केलं."

मी मागच्या महिन्यात जाऊन खात्री केली. झाड कमरेएवढं झालंय. अर्धा तास पाणी मिळतं, आणि पोरांना सगळं पाठ आहे.