भिंत खचली की फरशी उठली?

काचेची गोटी हॉलच्या मधोमध ठेवली, तशी ती मागच्या भिंतीकडे पळाली. शेजारी उभा असलेला ठेकेदार लगेच म्हणाला, "देखा मॅडम? पीछे के कॉलम बैठ गए हैं. घर तोड़ना ही पड़ेगा."

मी गोटी उचलली आणि दोन पावलं अलीकडे ठेवली. आता ती पुढच्या दाराकडे पळाली. ठेकेदाराने ते पाहिलं नाही, किंवा पाहून न पाहिल्यासारखं केलं. मी गोटी पर्समध्ये टाकली.

घरं तपासणं हा माझा व्यवसाय. मी सिव्हिल इंजिनियर. घर विकत घेण्याआधी किंवा बिघडल्यावर लोक मला बोलावतात. बहुतेक ठिकाणी तीच दुखणी असतात: गच्चीची गळती, भिंतीला ओल, बाथरूमचा उलटा उतार. भिलाईतल्या वैशाली नगरातलं हे प्रकरण मात्र वेगळं होतं.

घर हेमराजकाकांचं. मूळचे भंडाऱ्याकडचे, सगळी नोकरी पोलाद वितळवणाऱ्या भट्टीवर झालेली. नोकरीत असतानाच त्यांनी हे घर बांधलं आणि चार वर्षं कुलूप लावून ठेवलं, कारण राहायला कारखान्याचं सेक्टर ६ मधलं क्वार्टर होतं. रिटायर झाल्यावर क्वार्टर सोडलं आणि इथे आले. वर्षभरात दारं खाली घासायला लागली, फरशा तडकल्या, हॉल आणि स्वयंपाकघरामधल्या पडदी भिंतीला बोट जाईल एवढी भेग पडली.

पुण्यातल्या मुलाने फोनवर निकाल देऊन टाकला होता: घर पाडा, प्लॉट विका, इकडे या. स्वयंपाकघरात भांड्यांचे खोके सुतळीने बांधून तयार होते. काकूंनी मला आत बोलावून हळूच सांगितलं, "ताई, मले पुन्याले नाई जायचं. तिथं मी कोनासंग बोलू? पन खोटी आशा नोका दाखवू. जे हाय ते खरं सांगजा."

मला वाईट वाटलं आणि रागही आला. तपासणी न करताच सगळ्यांनी मिळून त्या बाईचं घर मोडीत काढलं होतं.

मी पाण्याची लेव्हल नळी काढली. ही साधी पारदर्शक नळी असते. पाणी भरून दोन टोकं दोन जागी धरली की दोन्हीकडे पाणी एकाच उंचीला थांबतं. जागा वरखाली असेल तर तिथल्या तिथे कळतं. एक टोक मी मुद्दाम ठेकेदाराच्याच हातात दिलं. बाहेरून घराचे चारही कोपरे फिरलो.

"कितना फरक?" मी विचारलं.

"दो सूत," तो पुटपुटला.

दोन सूत म्हणजे पाव इंच. एवढा फरक तर मिस्त्री बांधतानाच ठेवतो.

"फिर कॉलम कहाँ बैठा, भैया?"

तो म्हणाला, नीचे काली मिट्टी होगी. अंगणात काकूंनी कढीपत्त्यासाठी नुकताच खड्डा केला होता. काळी माती ओलीने फुगते, सुकली की आकसते; पण त्या खड्ड्यात स्वच्छ, घट्ट लाल मुरूम दिसत होता. मग मी हॉलमध्ये नळी लावली. फरशी मधोमध कडेपेक्षा दोन इंच वर होती. भिंती जागच्या जागी होत्या, फरशीच उठली होती. पडदी त्या फरशीवरच उभी, म्हणून ती फाटली.

"काका, जोत्यात भराव कशाचा टाकला?" जमिनीपासून फरशीपर्यंतची पोकळी ज्याने भरतात, तो भराव.

"मुरमाचा," काका फारच पटकन म्हणाले आणि पंख्याकडे बघायला लागले.

मी हॉलमधली तडकलेली फरशी काढायला लावली. खालचं काँक्रीट फोडलं, तसे काळपट, सच्छिद्र, वजनदार खडे निघाले. किल्ल्यांना लावलेला लोहचुंबक टेकवला, तर दोनचार खडे चिकटून वर आले. फुटलेल्या कडांना पांढरी भुकटी होती.

काकू वाकून बघत होत्या. "हा मुरूम होय जी?"

काका खाली बसले. "स्लॅग हाय. भट्टीतला. एका ट्रकवाल्याकडून आनला."

"मंग मुरूम कावून सांगतलं?"

"पोरगा तवाच स्लॅगले नाई म्हनून राहिला होता. मले वाटलं, याच्याहून पक्कं काय राह्यते? तीस वर्सं मीच त्याले भट्टीतून काढून राहिलो होतो ना."

स्लॅग म्हणजे धातू वितळवताना वर येणारी मळी. सगळी मळी सारखी नसते. एका प्रकारची सिमेंटमध्ये जाते. पोलादाच्या भट्टीतल्या ताज्या मळीत मात्र कच्चा चुना उरलेला असतो. चुन्याच्या खड्यावर पाणी टाकलं की तो फुलतो, तसंच इथे झालं. घर बंद होतं तोवर भराव कोरडा होता. माणसं आली, बाथरूम सुरू झालं. तिथला ट्रॅप, म्हणजे पाणी जायची खालची वाटी, सांध्यातून गळत होता. वर्षभर ते पाणी भरावात मुरत होतं.

"तो तोड़ना नहीं है?" ठेकेदाराचा चेहरा पडला होता.

"तोड़ना है. सिर्फ फर्श और पडदी."

सगळ्या खोल्यांतला स्लॅग उपसला, ट्रॅप बदलला. मुरूम थराथराने टाकून कुटला, वर नवी फरशी आणि नवी पडदी. काम त्याच ठेकेदाराने केलं, आणि चांगलं केलं हे कबूल करायला हवं. काका रोज खुर्ची टाकून बाहेर बसत आणि निघणाऱ्या प्रत्येक घमेल्याकडे चोरासारखे बघत.

शेवटच्या दिवशी मी गोटी हॉलच्या मधोमध ठेवली. ती हलली नाही. काकूंनी पुढचं दार एका बोटाने लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. मग मुलाला फोन लावला.

"आमी नाई येऊन राहिलो रे," त्या म्हणाल्या. "दिवाळीत येऊ, पाहुने म्हनून."

फोन ठेवून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि खोक्यांची सुतळी कापायला लागल्या. मला इतका आनंद झाला, की गोटी तिथेच विसरले.

तेव्हापासून भिलाईत फरशी उठलेली दिसली, की मातीची चौकशी मी नंतर करते. आधी घरमालकाला विचारते, नोकरी कारखान्याच्या कोणत्या शॉपमध्ये, म्हणजे कोणत्या विभागात झाली?