मावशीला गेलेलं ट्रामचं कार्ड

आई हॅनोव्हरला तीन महिन्यांसाठी आली आणि आठवड्याभरातच कंटाळली. आम्ही नवरा-बायको ऑफिसला गेलो की ती खिडकीतून ट्राम बघत बसायची, मग स्वयंपाकघरात, मग पुन्हा खिडकीपाशी. संध्याकाळी मी दार उघडते न उघडते तोच हिच्या पायात चपला. म्हणून एका शनिवारी तिला नदीकाठच्या जुन्या बाजारात, फ्लोमार्क्टला नेलं.

तिथे एका खोक्यात जुनी, कोरी पोस्टकार्डं होती. दुमजली ट्राम, टोप्या घातलेली माणसं, दगडी इमारती. अशा पसाऱ्यात उभं राहायचं म्हणजे माझा जीव मेटाकुटीला येतो, मी पुढे निघून गेले. आईने मूठभर कार्डं घेतली आणि इथली ट्राम पूर्वी कशी होती ते कळू दे सगळ्यांना, म्हणून नातेवाइकांना धाडूनही दिली. चित्राखालची बारीक अक्षरं काही तिने वाचली नाहीत.

सांगलीच्या मावशीने वाचली. ती शाळेतून निवृत्त झालेली, औषधाच्या बाटलीवरचंही सगळं वाचणारी. कार्डावरचं गाव होतं इंग्लंडमधलं लीड्स. तिचा एकुलता एक मुलगा लीड्सला नोकरीला होता आणि लग्नावरून वाजल्यापासून तिच्याशी बोलत नव्हता.

मावशीचा फोन आला तेव्हा आई पोळ्या लाटत होती, म्हणून मी स्पीकर लावला.

"ताई, लीड्सला जाऊन आलीस? मग तो भेटला असेल ना गं?"

मी हातवारे करून नाही म्हण, नाही म्हण असं सांगत होते. आईने माझ्याकडे पाठ केली. "भेटला. बरा आहे."

मी भडकले. इंग्लंडचा व्हिसा वेगळा लागतो, आपल्याला तिकडे पाऊल ठेवता येत नाही, उद्या तिला काय तोंड दाखवशील, सगळं ऐकवलं. आईने ते ऐकून घेतलं आणि मलाच त्याला शोधायच्या कामाला जुंपलं. जुना नंबर बंद. मेलला उत्तर नाही. एका मित्राकडून एवढंच कळलं की त्याने घर बदललंय. आई उठल्या-बसल्या विचारायची, घरभर माझ्या मागे फिरायची. मलाही चैन पडेना. मीटिंगमध्ये सारखी मोबाइल बघायचे. हाती लागला असता तर आधी त्याचा कान पिळला असता.

शेवटी खरं काय ते सांगून टाकायचं असं आईनेच ठरवलं. रविवारी फोन लावला. "अगं, मी त्या दिवशी..." एवढं बोलून ती अडली.

"तू गेली नव्हतीस, ताई," मावशी म्हणाली. "मला तेव्हाच कळलं. तुझं खोटं मला लहानपणापासून कळतं."

आई खुर्चीत बसली.

"तरी सांग ना. काय करून घातलंस त्याला? पोटभर जेवला का?"

"भरली वांगी केली होती," आई म्हणाली. "दोनदा मागून घेतली."