बाहेरची वाट
आमचा ओटिस पायाळू जन्मला. जग जाईल त्याच्या उलट जायची खोड त्याला तेव्हापासूनची. दिवसा तो शाळेची बस चालवतो आणि शनिवारी फोर्क्स क्रीकच्या ट्रॅकवर शर्यतीची गाडी. मी त्याची थोरली बहीण नेल. प्रेक्षकांच्या स्टँडच्या छपरावर रेडिओ घेऊन उभी राहते आणि मागे कोण, बाजूला कोण, ते त्याला सांगते. हेल्मेटमधून त्याला नाकासमोरचं सोडून काही दिसत नाही. तसं त्याला एरवीही दिसत नाही.

जुन्या ट्रॅकचं डांबर झिजून खडी वर आली होती. टाकी लावलेल्या पाट्यासारखा तो टायर वाटून काढायचा. सुरुवातीला उधळलेले शेवटी घसरत बसायचे, आणि टायर जपून चालवणारा आमचा ओटिस त्यांना एकेक करून मागे टाकायचा. लोक तेच बघायला यायचे. पण पुढे त्या डांबराचे तुकडे निघायला लागले, एकाची काच फुटली, तेव्हा मालक क्लाइनने सगळा ट्रॅक नव्याने केला. करायलाच हवा होता, असं ओटिससुद्धा म्हणाला.

नव्या ट्रॅकवर गाड्या अशा सुटल्या की क्लाइन खुशीत घड्याळ नाचवत फिरला. पण पकड होती ती फक्त आतल्या वाटेवर. बाहेरच्या वाटेला साबण लावल्यासारखी गाडी भिंतीकडे सरकायची. मग कोण कशाला बाहेर जातो? सगळे एकामागे एक. जो पुढे निघाला तोच पुढे पोचला. अर्धी शर्यत झाली आणि लोक उकडलेल्या शेंगांच्या पिशव्या उचलून पार्किंगकडे निघाले.

"नेल, गेले का?" रेडिओवर ओटिसने विचारलं.

"चाललेत."

त्यानंतर दर शनिवारी त्याचा तोच प्रश्न आणि माझं तेच उत्तर. जुलैत क्लाइनने सांगून टाकलं, "हंगामाच्या शेवटच्या शर्यतीलाही स्टँड असाच रिकामा झाला, तर फाटकाला कुलूप."

"कुलूप कशाला? दुसरी वाट तयार करू," ओटिस म्हणाला. "बाहेर टायरचं रबर घासून बसलं की गाडी धरेल."

"गाड्या गेल्याशिवाय रबर बसत नाही आणि रबर बसल्याशिवाय कोणी जात नाही. जाणार कोण, ओटिस?" क्लाइनने विचारलं.

"मी."

झालं. बसची फेरी संपली की हा जुने टायर साखळीने बांधायचा, वर सिमेंटचे ठोकळे ठेवायचा आणि ट्रॅक्टरला जोडून बाहेरच्या वाटेवर ओढत बसायचा. ऑगस्टच्या उन्हात मान भाजली, तरी थांबला नाही. शनिवारी शर्यतीतही मुद्दाम बाहेरूनच जायचा, आणि दर वेळी शेवटचा. डेना शूपिंग म्हणून एक पोरगी हल्ली सगळ्या शर्यती जिंकत होती. तिने टोमणा मारला, "मिस्टर ओटिस, शाळेची पोरं बाहेरच्या बाजूला उतरवता का?"

"तुला उतरायचंय का कुठे?" ओटिस म्हणाला.

मला मात्र राग आला. "लोक हसतात रे तुला!"

"हसू देत. हसण्यापुरते तरी बसलेत ना?"

त्याच्याशी वाद घालणं म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी. मी त्याला लिव्हरमशचं, म्हणजे कलेजीच्या वडीचं, सँडविच दिलं.

शेवटच्या शर्यतीला कोण कुठून सुटणार याच्या चिठ्ठ्या टाकल्या, तर पहिली जागा ओटिसला. मी छपरावरून ओरडले, "आज संतपणा नको! आत राहा. तुला कोणी मागे टाकू शकत नाही."

"कळतंय मला," तो म्हणाला. जिंकायचं त्यालाही होतंच की. मार्चपासून एकही शर्यत जिंकला नव्हता. तो आतली वाट धरून सगळ्यांच्या पुढे धावत राहिला, आणि मागे तीच रांग. खाली दोघं-तिघं पिशव्या गोळा करायला लागले.

तेवढ्यात डेनाने गाडी बाहेर काढली. ती भिंतीवर जाणार, असंच मला वाटलं. गाडी घसरली नाही. ओटिसने उन्हाळाभर घासलेल्या त्या काळ्या पट्ट्याने तिला धरून ठेवलं.

"बाहेर डेना! तुझ्या दाराशी आली! बाहेर सरक, अडव तिला!"

"नाही."

"अरे गाढवा, जाईल ती!"

"मी ती वाट जायला केली, नेल. अडवायला नाही."

दोघं दाराला दार लावून फेऱ्यांवर फेऱ्या काढत राहिले. कधी तिचं नाक पुढे, कधी याचं. मागच्यांनीही बाहेरची वाट धरली. माझ्या पायाखालचं छप्पर हादरत होतं. शेवटच्या वळणातून डेना बाहेरून सुटली आणि रेषेवर हातभर पुढे गेली.

ओटिसने अशी शिवी दिली की आमच्या पाद्रीबुवांनी रेडिओ बंद केला असता. मग रेडिओ पुन्हा खरखरला.

"नेल, गेले का?"

मी खाली पाहिलं. शेंगा पायाखाली सांडल्या होत्या, आणि माणसं बाकांवर चढून ओरडत होती. मला रडू फुटलं.

"नाही रे. उभे आहेत सगळे."

"बरं," तो म्हणाला. "त्या पोरीला सांग, तिसऱ्या वळणावर अजून घसरतं. सोमवारी ट्रॅक्टर घेऊन ये म्हणावं."