आमच्या डोक्यावरचे स्की-जंपर

बर्फाशी ज्याचा संबंध फक्त फ्रीजच्या वरच्या कप्प्यापुरता आला, असा स्की-जंपर साऱ्या जगात एकच होऊन गेला आणि तो नेमका माझ्या डोक्यावर राहत होता. हे मी अलंकारिक भाषेत म्हणत नाही. बहारीनला गुदैबियातल्या आमच्या इमारतीत आम्ही दुसऱ्या मजल्यावर आणि भाई तिसऱ्या. संध्याकाळी फॅक्टरीची बस त्यांना कोपऱ्यावर सोडून गेली की पंधराव्या मिनिटाला आमच्या छतावर धप्प असा आवाज व्हायचा. मग क्षणभर शांतता. मग पुन्हा धप्प. कुकरच्या शिट्या मोजाव्यात तशी मी ते मोजायची. चाळीस झाले की भाईंची प्रॅक्टिस संपली आणि आमच्या वरणात आता छताचा पोपडा पडणार नाही, असं समजायचं.

भाई मूळचे रत्नागिरीकडचे. अस्करला अ‍ॅल्युमिनियमच्या कारखान्यात फॅब्रिकेटर होते. दाढी लहान, पोट मोठं, वय चाळिशीच्या पलीकडे. बायको आणि एकुलती एक लेक गावाला. खेळ म्हणाल तर कॅरमच्या पुढे त्यांची मजल गेलेली नव्हती, आणि कॅरमसुद्धा बसून. एका हिवाळ्यात आमच्या गच्चीवर डिश अँटेना लागली आणि चॅनल फिरवता फिरवता भाईंना तो माणूस दिसला. पायाला दोन लांबच लांब फळ्या बांधून डोंगराएवढ्या घसरगुंडीवरून सुसाट येणारा आणि टोकाला आल्यावर सरळ हवेत निघून जाणारा. दुसरा कुणी असता तर "काय वेडे लोक!" म्हणून बातम्या लावल्या असत्या. भाईंनी व्हिडिओ कॅसेट घातली, तो माणूस भरून घेतला आणि त्या दिवसापासून त्यांच्या आयुष्याचा चढच नव्हे, उतारही ठरून गेला.

आता त्या वेळच्या माझ्याविषयी सांगायलाच हवं. ती बाई मला अजून मधूनमधून आठवते आणि हसू आवरत नाही. तिशी ओलांडलेली, एम.ए. झालेली, केसांना पर्म. त्या दमट हवेत संध्याकाळपर्यंत त्या पर्मचं भिजलेलं मांजर होत असे, पण आरशाला सांगणार कोण? शिवाय मी मराठी मंडळाची सांस्कृतिक चिटणीस! या पदाचा मला इतका अभिमान की कोल्ड स्टोअरमध्ये, म्हणजे तिथल्या कोपऱ्यावरच्या वाण्याकडे, कोथिंबिरीची जुडी मागतानाही आभारप्रदर्शनाचा सूर लागायचा. तर अशी मी, छताबद्दल तक्रार करायला, इस्त्रीची साडी नेसून वर गेले. दार उघडंच होतं. भाई लोखंडी कॉटच्या कडेवर उकिडवे बसल्यासारखे उभे होते. हात मागे ताणलेले, हनुवटी पुढे.

"या वैनी. जरा भिंतीला लागा," ते म्हणाले आणि उडाले.

धप्प. खाली आले ते एक पाय पुढे, एक मागे, गुडघे वाकलेले, दोन्ही हात पसरलेले, मान खाली. मला वाटलं मंडळाच्या चिटणीसबाईंचा मान राखतायत. मीही वाकून नमस्कार केला. दोघंही त्या अवस्थेत बराच वेळ होतो.

त्या उतरण्याच्या पद्धतीला टेलिमार्क म्हणतात, हे मला मग कळलं. हवेत कितीही लांब जा, उतरताना तो एक पाय पुढे आला नाही तर परीक्षक मार्क कापतात. म्हणून भाई तो सगळीकडे घोटून घेत. बसमधून उतरले की टेलिमार्क. जिन्याची शेवटची पायरी, टेलिमार्क. कोल्ड स्टोअरच्या उंबऱ्यावरून हातात अंड्यांचा ट्रे घेऊन केलेला टेलिमार्क तर गुदैबियात कित्येक दिवस गाजला. तीस अंड्यांपैकी एक फुटलं, आणि तेही दुकानदाराने घाबरून ट्रेला हात लावला म्हणून.

तक्रार राहिली बाजूला. भाईंनी मला चहा दिला, ती कॅसेट लावली आणि तो माणूस अधांतरी असताना बटण दाबून थांबवला.

"बगा वैनी. आमच्या शिफ्टमधली पोरं म्हणतात, काय पडतोय! मी म्हनतो, नीट बगा. तो पडत नाय. तो जातोय."

"पण भाई, कशासाठी?" मी म्हणाले. एम.ए.ला असताना मी प्रत्येक गोष्टीचा हेतू विचारायला शिकले होते.

"आता याला वरती कोन काय विचारील? लीव कधी हाय, घराचा स्लॅब कधी टाकताय, येताना काय काय आनताय? खाली आला की विचारा की. वर हाय तवर मफी सवाल, एकपन सवाल नाय!"

मी घरी आले आणि कॉटच्या कडेवर चढून यांना भाईंची हुबेहूब नक्कल करून दाखवली. हे पोट धरून हसले. त्या हसण्याची आज लाज वाटते. आणि नक्कल करताना माझाही पाय आपोआप पुढे आला होता, हे मी यांना सांगितलं नाही, त्याची तर जास्तच.

भाईंचं तंत्र बदलत गेलं, त्याची कहाणी मोठी आहे. पहिलं वर्षभर त्यांनी पाय अगदी समांतर ठेवून सराव केला. पुढच्या हिवाळ्यात टीव्ही लावला तर सगळेच्या सगळे जंपर फळ्यांची पुढची टोकं फाकवून, इंग्रजी व्हीसारखे उडताहेत! भाई दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "खलास. पयल्यापासून." आणि तेव्हापासून ते चालायलाही बदकासारखे लागले. मग कुठूनसं त्यांना कळलं की खऱ्या जंपरचा कोच समोर उभा राहतो, जंपर त्याच्या अंगावर झेप घेतो आणि कोच त्याला कमरेला धरून डोक्यावर आडवा तोलतो. कोच म्हणून आमचे हे. हे बँकेत होते. आयुष्यात पासबुकाहून जड काही उचललेलं नव्हतं. पहिल्याच झेपेत भाई यांच्यासकट सोफ्यामागे गेले. चार दिवसांची सिक लीव घ्यावी लागली. फॉर्मवर यांनी कारण लिहिलं, 'कपाट हलवताना'. ते भाईंना फार लागलं. "कपाट?" ते आठवडाभर म्हणत होते. "मी कपाट?"

यांची कंबर गेल्यावर कोचची जागा रिकामी झाली आणि त्या जागी मी कशी गेले, ते मला अजून कळलेलं नाही. मला नुकतंच ड्रायव्हिंग लायसन्स मिळालं होतं, चौथ्या खेपेला. भाईंना वारा अंगावर घ्यायचा सराव हवा होता. सनद नावाच्या वस्तीमागे मोकळं मैदान होतं. शुक्रवारी सकाळी, हे घोरत असताना, भाईंनी आमच्या गाडीच्या टपावरच्या कॅरियरला पट्ट्याने स्वतःला बांधलं आणि पुढे झुकून उभे राहिले.

"यल्ला वैनी!"

मी निघाले. ताशी पंधराच्या वेगाने.

"वैनी, वारा नाय येत! माशीसुद्धा उडायची नाय!"

मी वीस केला. तेवढ्यात समोर मांजर आलं. मी ब्रेक दाबला, पट्टा सुटला आणि भाई टपावरून काचेवर, काचेवरून बॉनेटवर आणि बॉनेटवरून मांजरासमोर जाऊन बसले. मांजर हललं नाही. मी किंचाळत बाहेर आले, तर भाई गंभीरपणे म्हणतात, "चांगलं झालं. पन टेलिमार्क राहिला."

फळ्या त्यांनी स्वतः बनवल्या. भंगारातल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, त्यांवर जुने सेफ्टी शूज, बोटांपाशी पक्के आणि टाच मोकळी. टाच मोकळी नसेल तर पुढे झुकता येत नाही. घसरगुंडी होती सनदलाच, एका बांधकामाच्या मालकाने टाकून ठेवलेला दीड मजला उंचीचा वाळूचा ढीग. त्यावर पत्रे अंथरायचे, खालच्या टोकाला ड्रम आडवा घालून पत्रा जरासा वर उचलायचा, की झालं. पहिल्या दिवशी पट्ट्या सुळसुळीत व्हाव्यात म्हणून भाईंनी त्यांना गावाहून आलेलं खोबरेल चोपडलं. पत्र्यापर्यंत पोचायला वाळूतून चढून जावं लागतं, हे आम्हा दोघांच्या ध्यानातच आलं नाही. वर पोचेस्तोवर त्या पट्ट्या रव्यात घोळलेल्या बोंबलांसारख्या झाल्या होत्या. "तव्यावर टाकायच्या का?" मी विचारलं. त्या दिवशी भाई पत्र्यावर जिथे उभे राहिले तिथेच उभे राहिले, एक इंचही घसरले नाहीत. नंतर आम्ही मेणबत्ती घासायला लागलो.

इथपर्यंत सगळं हसण्यावारी होतं. मग कॅसेट आली.

त्या काळी गावाला फोन लागणं कठीण, म्हणून घराघरांतून आवाज भरलेल्या कॅसेट जायच्या-यायच्या. सुट्टीवर निघालेल्याच्या बॅगेत कपड्यांइतक्याच कॅसेट असत. भाई दर महिन्याला लेकीला आपल्या प्रगतीचा अहवाल धाडत. एके दिवशी ते खाली आले, टेपरेकॉर्डर टेबलावर ठेवला आणि बटण दाबलं. नऊ वर्षांच्या पोरीचा खणखणीत आवाज:

"अब्बा, शाळेत सगळी हसतात. तुमी नुसत्या थापा मारता. खालच्या काकींनी बगितलं आनि त्यांनी सांगितलं, तरच मी मानीन. त्या खोटं बोलत नायत, असं तुमीच म्हनता."

 भाईंचं पोट, दाढी, सगळं एकदम उतरल्यासारखं दिसलं. "दोन वर्सं झाली तिला बगून," ते म्हणाले. "माझं तिच्याकडं एवढंच हाय, वैनी."

पुढच्या शुक्रवारी आम्ही गेलो. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता आणि ढिगाखालची वाळू परीटघडीच्या चादरीसारखी सपाट झाली होती. भाई वर पत्र्याच्या टोकाशी बसले. मी खाली बाजूला, हातात लाल ओढणी. कोचने निशाण खाली केलं की जंपरने सुटायचं, असा नियम. "वैनी," वरून आवाज आला, "फक्त बगा. दुसरं काय नको."

मी ओढणी खाली केली. पत्र्यावर खर्रर्र सुरू झालं, ते वाढत आलं, आणि मी, मराठी मंडळाची सांस्कृतिक चिटणीस, आयुष्यात कधीही खोटं न बोलणारी, घट्ट डोळे मिटून घेतले.

खर्रर्र थांबलं. मी धप्पची वाट बघितली. दोन वर्षं रोज चाळीस वेळा ऐकलेली ती मधली शांतता मला पाठ होती. ती किती लांब असते ते झोपेतही सांगितलं असतं. ही संपेना. एवढी लांब, की मला वाटलं भाई आता येतच नाहीत.

मग धप्प. डोळे उघडले तेव्हा ते वाळूत पालथे होते, एक फळी पायात, दुसरी भलतीकडेच. तोंडातली वाळू थुंकत त्यांनी पहिला प्रश्न केला, "बगितलंत?"

"बघितलं."

"कसा होतो?"

"पडत नव्हतात," मी म्हणाले. "जात होतात."

भाई वाळूत बसूनच हसले. मी त्या चादरीवरून त्यांच्याकडे चालत गेले. ड्रमपासून वाळू विस्कटली होती तिथपर्यंत माझी अकरा पावलं भरली. मधे एकही खूण नव्हती. पूर्ण कोरी वाळू.

त्या संध्याकाळी मी कॅसेटवर वीस मिनिटं बोलले. सगळं एम.ए. कामी आणलं. घारीसारखी पाठ, इंग्रजी व्हीसारखे पाय, अधांतरी असताना चेहऱ्यावर पसरलेलं समाधान, काही म्हणून सोडलं नाही. महिन्याभराने उत्तर आलं. "काकी, मी मानलं." भाईंनी ते तीन शब्द इतक्या वेळा मागे-पुढे करून ऐकले की टेप गुंडाळली जाऊन तुटली.

आता भाई गावी असतात. त्या सगळ्या धप्पांनी गुडघे घेतले. लेक शाळेत शिकवते, आणि तिची स्वतःची मुलं मानत नाहीत म्हणून अधूनमधून व्हिडिओ कॉल करते, "काकी, जरा यांना सांगा बरं." मी सांगते. दरवर्षी एखादं पाऊल वाढतं. सध्या एकोणीस झालीत. माझी नात मागे बसून डोळे मिचकावते.

परवा सांगून झालं आणि भाईंनी फोन स्वतःच्या हातात घेतला. पडद्यावर अर्धी दाढी आणि एक कान दिसत होता.

"वैनी, एक सांगायचं राहून गेलं. त्या टायमाला माझेपन डोळे मिटलेले होते."

माझेपण! म्हणजे इतकी वर्षं या माणसाला ठाऊक होतं. मी काही बोलणार, तेवढ्यात ते म्हणाले, "पन तुमी सांगता ना, तवा मला दिसतं."

फोन ठेवला. आताचं आमचं घर सगळ्यात वरच्या मजल्यावर, डोक्यावर कुणी राहत नाही, नुसती गच्ची आहे. तरी संध्याकाळ झाली की माझा एक कान छताकडे असतो. तिथे अगदी शांत असतं. फार लांब, संपत नाही अशी शांतता. ती ऐकून मला वाईट वाटत नाही. मी मनात म्हणते, भाई अजून वरच आहेत. आले की विचारू.