एका हाताच्या बांगड्या

"हात सैल सोड गं बाई, मी काय तोडून राहिले का?" असं म्हणत ती समोरच्या बाईचा पंजा असा दाबायची, की बांगडी अलगद मनगटावर जायची. नांदेडला आमच्या भागात सगळ्या तिला कासारीणमावशी म्हणत.

तुम्ही बांगड्या भरताना कधी नीट पाहिलंय का? एक हात भरला आणि दुसरा मोकळा असला, तर सवाष्ण जागची हलत नाही. अपशकुन वाटतो. मावशी याचा पुरेपूर फायदा घ्यायची. कुणाच्या मुलीचं स्थळ, कुणाची रुसलेली सून, अवघड विषय ती एक हात भरल्यावरच काढायची.

निजामाचे शेवटचे दिवस होते. बाबांना सत्याग्रहात धरून नेलं आणि दुसऱ्याच सकाळी घरमालक दारात आला. "वहिनी, पोलिसांचे अमीनसाब येऊन गेले. आजच्या आज मकान खाली करा." बोलताना तो सारखा मागे रस्त्याकडे पाहत होता.

आई, मी आणि तान्हा भाऊ गोदावरीकाठच्या धर्मशाळेत येऊन पडलो. आई दारोदार खोली विचारी. बाबांचं नाव ऐकलं की कुणाकडे पाहुणे येणार असत, कुणाकडे सोयर निघे. रखवालदारही जा म्हणू लागला. आम्हालाही धरून नेतील या भीतीने मी आईचा पदर सोडत नव्हते.

तिथे मावशीने आम्हाला पाहिलं. "मकान मर्दाला न्हाई, त्याच्या बायकोला इचारायचं. ऊठ," ती आईला म्हणाली आणि आम्हाला कचेरीतल्या एका कारकुनाच्या घरी घेऊन गेली.

मालकीणबाई हौसेने बांगड्यांना बसल्या. जुन्या उतरल्या, डावा हात भरला. मग मावशीने विचारलं, "मागची खोली रिकामी हाय न्हवं? हिला दे. हिच्या मालकाला पोलिसांनी नेलंय."

मालकीणबाई पांढऱ्याफटक पडल्या. "अगं, यांची नोकरी सरकारी! आम्हाला बी नेतील की. तू अगोदर दुसरा हात भर."

"भरते की. तू अगोदर हाव म्हन."

बाहेर बूट वाजले. मी डोळे गच्च मिटले. बूट पुढे निघून गेले.

"ऱ्हाऊ दे तिला," मालकीणबाई रडवेल्या आवाजात म्हणाल्या. "पन लवकर भर गं."

त्या खोलीत आम्ही कुजबुजत राहिलो. भाऊ रडला की आई त्याला छातीशी आवळून धरी.

पुढे त्या अमीनाने, म्हणजे फौजदाराने, कारकुनाला दरडावलं, यांना इथे कुणी आणलं? बिचाऱ्याने भीतीपोटी मावशीचं नाव सांगितलं. मालकीणबाईंनी शब्द पाळून आम्हाला राहू दिलं. मावशीला अटक झाली नाही. पण तिच्या घरमालकाने तिचं सामान गल्लीत काढलं. मग ती स्वतःसाठी खोली मागत हिंडली. आता तिची हाक आली की बायका आतून कडी लावत. अर्ध्या गावाला बांगड्या भरणाऱ्या त्या बाईला कुणी ओसरीवरही टेकू दिलं नाही. अजून आठवलं की माझा जीव कासावीस होतो.

आईला हे कळलं तशी ती पोलिसांची भीती विसरून धावत गेली. मावशी लोहा गावाच्या वाटेने गेली, एवढंच कुणीतरी सांगितलं.

बाबा सुटून त्याच खोलीत आले, तेव्हा त्यांनी आपली वळकटी दारामागच्या मोकळ्या कोपऱ्यात टेकवली. आईने ती उचलून मधोमध आणली.

"तिथं नका ठेवू," ती म्हणाली. "ती जागा मावशीची हाय."