एकविसावी शंका

चार वर्षं झाली. या चार वर्षांत ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही, बहिणीला सांगितली नाही, आणि जिला सांगायला हवी होती तिला तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतेय, कारण तुम्ही मला ओळखत नाही — हे कारण तरी खरं आहे का? मला त्याचाही संशय येतो. सांगून मोकळं व्हायचं, आणि वर ‘किती प्रामाणिक बाई’ असं तुमच्याकडून मनातल्या मनात म्हणवून घ्यायचं — असा तर माझा डाव नाही ना?

संशय हा माझा जुना स्वभाव. नवरा मला फौजदार म्हणतो. फाटकाची कडी कुणी उघडी टाकली, फ्रीजमधली वाटी कुणी हलवली, मोलकरीण आज नेमकी लवकर का निघाली — माझं डोकं सारखं चालूच. आणि नोकरीही अशी मिळाली की जिथे या स्वभावाला लोक गुण म्हणतात.

नागपुरातल्या एका कंपनीत मी बावीस वर्षं आहे. परदेशी विद्यापीठांची नियतकालिकं, संशोधनाची पुस्तकं आमच्याकडे येतात. आम्ही त्यांची भाषा तपासतो, संदर्भ जुळवतो, तक्ते पडताळतो, पानं लावतो आणि परत पाठवतो. पुस्तकावर आमचं नाव कुठेच येत नाही. गेली काही वर्षं या कामात नव्यानं येणाऱ्या मुलामुलींना शिकवायचं काम माझ्याकडे आहे. तीन महिन्यांचं प्रशिक्षण, शेवटी परीक्षा, आणि मग कायम करायचं की नाही — त्यात माझा शब्द चालतो. हे शेवटचं लक्षात ठेवा. माझा शब्द चालतो.

पहिल्या दिवशी मी एकच नियम सांगते. मजकुरात काही खटकलं, तर ते परस्पर बदलायचं नाही. तुम्हाला वाटतंय म्हणून ते चूक आहे असं नसतं. समासात लेखकाला प्रश्न लिहायचा — ‘कृपया तपासून पाहावे.’ या प्रश्नाला आमच्या ऑफिसात ‘शंका’ म्हणतात. या पानावर शंका लावली का? शंका लेखकाकडे गेल्या का? नवी पोरं हा शब्द पहिल्यांदा ऐकतात आणि एकमेकांकडे बघून खुसुखुसु हसतात, कारण त्यांना लघुशंका आठवते. मी हसू देते. मग म्हणते, ही शंका दाबून ठेवली तर जास्त त्रास होतो. दर तुकडीला तोच विनोद, आणि दर तुकडी हसते.

परीक्षेसाठी माझा एक ठरलेला मजकूर आहे. विदर्भातल्या हातमागावरचा एक इंग्रजी लेख, आठ पानं. मीच पूर्वी तपासलेल्या एका पुस्तकातून घेतलेला, म्हणून भरवशाचा. त्यात मी वीस चुका पेरून ठेवल्या होत्या. कुठे सालात गडबड, कुठे एकाच माणसाचं आडनाव दोन तऱ्हांनी, कुठे तक्त्याची बेरीज जुळत नाही. सोळाच्या वर कुणाला सापडल्या नव्हत्या, आणि त्याचा मला अभिमान होता. शिकवणाऱ्या बाईला, आपण शिकवलेलं कुणाला पुरतं जमत नाही याचा अभिमान — हे तेव्हा मला विचित्र वाटलं नाही.

तर त्या वर्षी सहा जण होते आणि जागा चार. त्या सहांत प्रणाली होती. उमरेडची. रोज एसटीनं यायची, आणि तरी नागपुरात राहणाऱ्यांच्या आधी येऊन बसलेली असायची. फार बोलायची नाही. इंग्रजी वाचताना अडखळायची. उच्चार अडखळतात म्हणजे समजही अडखळत असणार, असं मी पहिल्याच आठवड्यात ठरवून टाकलं. कुणाला विचारून? कुणालाच नाही.

आणि तिचं आडनाव. आता इथे माझी जीभ जड होते, पण सांगते. नागपुरात आडनाव ऐकलं की पुढचं विचारावं लागत नाही. आमच्या गल्लीत दरवर्षी दीक्षाभूमीवर जाणाऱ्यांना पाणी वाटतात, मीही वाटलंय, त्याचा माझा फोटोसुद्धा आहे. मी स्वतःला जात बघणाऱ्यांतली समजत नव्हते. पण तिचा अर्ज हातात घेतला तेव्हा माझी नजर आडनावावर एक क्षण थांबली. थांबली हे मला कळलंही. आणि मी पान उलटलं.

परीक्षेत तिला वीसच्या वीस सापडल्या.

तुम्ही म्हणाल, मग आनंद व्हायला हवा होता. मला काय झालं सांगू? राग आला. पेपर तपासताना अकरावी चूक, बारावी, सतरावी — प्रत्येक बरोबर खुणेबरोबर माझी खात्री वाढत गेली की हिनं उत्तरं आधी पाहिली आहेत. उत्तरांची यादी माझ्या खणात होती. खणाचं कुलूप नेहमी जरा सैल. परीक्षेच्या आदल्या दिवशी ती सगळ्यांत आधी आलेली. परीक्षा चालू असताना एकदा बाहेर जाऊन आलेली, दाराजवळच बसायची म्हणून बाकी कुणाला कळलंही नाही. बघा कसं सगळं जुळत गेलं! संशयाचं हे असंच असतं, एकदा धरला की त्याला जे हवं ते सगळं आपोआप सापडत जातं. ती आधी येते कारण उमरेडची पुढची एसटी उशिरा पोचते, हे मला माहीत होतं. ते मात्र मी कुठेच जुळवलं नाही.

आणि वीस झाल्यावर एक जास्तीची शंका होती. एकविसावी. सहाव्या पानावर मजकुरात होतं की मागावर चढवण्याआधी ‘वेफ्ट’ला, म्हणजे बाण्याला, आडव्या धाग्यांना, खळ लावतात. तिनं समासात नीट, मी शिकवलेल्याच शब्दांत लिहिलं होतं — कृपया तपासून पाहावे. खळ ताण्याला, उभ्या धाग्यांना लावतात, बाण्याला नाही. मी ते वाचलं आणि मला वाटलं — हुशार आहे! उत्तरं चोरली, आणि चोरी दिसू नये म्हणून एक मनची जोडली.

मी व्यवस्थापकांना दोन ओळींची नोंद लिहून पाठवली. ‘उत्तरसूची आधी पाहिली असण्याची दाट शक्यता. प्रामाणिकपणाबद्दल खात्री नाही, कायम करू नये.’ खाली सही.

तिला विचारलं नाही. तीन महिने जिला मी ‘परस्पर ठरवू नका, विचारा’ म्हणून शिकवलं, तिच्याबद्दल मी परस्पर ठरवलं. दोन टेबलं सोडून बसली होती ती.

ही चूक आहे. पण एवढीच चूक असती तर मी आज लिहीत बसले नसते. चुका होतात, आमचा धंदाच त्यावर चालतो. पुढे जे केलं, ती चूक नव्हती.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, चहा देताना सुमनताई टेबलाशी थांबल्या. आमच्याकडे साफसफाईचं आणि चहापाण्याचं बघतात, माहेर खाप्याचं, विणकरांच्या घरातलं. माझ्यासमोर तेच पान उघडं होतं. मी सहज म्हणावं तसं विचारलं, सुमनताई, खळ बाण्याला लावतात ना? त्या हसायलाच लागल्या. “बाण्याले? असं कोण करते जी मॅडम? बाणा तं कांडीवर भरतेत. खळ लागते ताण्याले, नाही तं तुटून जाईन ना तो.” आणि कप उचलून गेल्या.

मी उठले. कपाटातून जुन्या डिस्क काढल्या, त्या पुस्तकाची मूळ फाइल शोधली. लेखक एक म्हातारे प्राध्यापक होते. त्यांनी त्या वाक्यात बरोबर लिहिलं होतं — ‘वार्प’, ताणा. आधीच्या वाक्यातही ताणाच होता. तो शब्द दुसऱ्यांदा आला म्हणून कुणीतरी ठरवलं की लेखकाच्या हातून चुकून पुन्हा पडला असणार, आणि तो खोडून तांबड्या अक्षरात ‘वेफ्ट’ केलं. शंका लावली नाही. परस्पर बदललं. बदलाच्या बाजूला माझी आद्याक्षरं होती.

पुस्तक छापून गेलेलं. कितीतरी ग्रंथालयांत ते वाक्य माझ्या अज्ञानासकट बसलेलं. आणि तोच मजकूर मी भरवशाचा म्हणून नव्या मुलांपुढे ठेवत आले होते.

आता तुम्हीच जोडून बघा. उत्तरं चोरणाऱ्याला वीसच मिळाली असती, कारण माझ्या यादीत वीसच होती. एकविसावी कुणाच्याच यादीत नव्हती. ती फक्त पान समजून वाचणाऱ्याला दिसली असती. म्हणजे ज्या शंकेवरून मी तिला लबाड ठरवलं, तीच तिच्या खरेपणाचा पुरावा होती. मी तिचा अर्ज पुन्हा काढला. वडिलांच्या व्यवसायापुढे लिहिलं होतं — कोळसा खाणीत कंत्राटी, पूर्वी विणकर. ते दोन शब्द पहिल्या दिवसापासून तिथे होते. मी आडनावापाशी थांबले होते, खाली गेलेच नव्हते.

शनिवार दुपार होती. यादी सोमवारी लागायची होती. व्यवस्थापक जेवून परत येऊन बसले होते. माझ्या खुर्चीपासून त्यांच्या दारापर्यंत किती पावलं असतील? वीसेक. म्हणायचं एवढंच होतं, माझी नोंद चुकली, परत द्या. पण मग ते विचारणार, कशावरून? मग ती फाइल दाखवावी लागणार. मग माझी आद्याक्षरं. बावीस वर्षांतली नाही म्हटलं तरी अठरा वर्षं तेव्हा झाली होती, आणि ‘ताईंच्या हातून पान गेलं म्हणजे डोळे मिटून पाठवा’ असं लोक म्हणायचे. मी फाइल बंद केली. डिस्क कपाटात मागे सारली. हे सगळं अगदी शांतपणे केलं.

सोमवारी यादी लागली. प्रणाली माझ्या टेबलाशी आली. रडत नव्हती. वही छातीशी धरलेली.

“मॅडम, माह्या पेपरात काही चुकलं का जी? काहून नाही झालं माहं?”

मी म्हणाले, जागाच कमी होत्या गं. तिनं मान हलवली. “ठीक आहे जी. पेपर एक डाव पाहाले भेटंन का? कुठं चुकली ते समजलं असतं.” मी म्हणाले, पेपर दाखवायची पद्धत नाही. अशी कुठलीही पद्धत नव्हती. बाकीच्यांचे पेपर मी आदल्याच आठवड्यात त्यांच्यासमोर बसून समजावून दिले होते. ती माझ्या पाया पडली. मी तिला अडवलं नाही, आणि ती वाकली तेव्हा मी खिडकीबाहेर बघत होते.

अजून एक आहे. हे मी शेवटी टाकलं, कारण याची मला सगळ्यांत जास्त लाज वाटते.

पुढच्या तुकडीच्या वेळी मी ते वाक्य दुरुस्त केलं नाही. तसंच ठेवलं. फक्त उत्तरांच्या यादीत एकवीस नंबर वाढवला — ‘ताणा/बाणा, मुद्दाम ठेवलेली चूक.’ आणि परीक्षा झाल्यावर फळ्यावर ती समजावून सांगितली. नुसती भाषा येऊन भागत नाही, मजकूर ज्या जगातला आहे ते जग माहीत हवं, वगैरे. मुलं वहीत उतरवून घेत होती. व्यवस्थापक मागे उभे होते, म्हणाले, काय सापळा लावलाय ताई तुम्ही! पुढे एका महाविद्यालयात या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी शिबिर होतं, तिथे मला बोलावलं, तिथेही मी तेच उदाहरण दिलं. टाळ्या मिळाल्या. चार वर्षं देतेय. तिच्याकडून नोकरी घेतली ती घेतलीच, तिच्या बापाच्या मागावरचं शहाणपणही माझ्या नावावर करून टाकलं.

गेल्या महिन्यात पुण्याच्या एका प्रकाशन कंपनीतून फोन आला. आवाज कोवळा होता, कुणी नवीन मुलगी असावी. प्रणालीनं त्यांच्याकडे अर्ज केला होता, आणि ‘माझ्या कामाबद्दल यांना विचारावे’ म्हणून माझं नाव आणि नंबर दिला होता. तिचं काम कसं होतं, मॅडम? तुमच्याकडे कायम का झाल्या नाहीत?

पुन्हा एकदा माझा शब्द चालणार होता. दुपारची वेळ, आजूबाजूला कुणी नाही, त्या मुलीला माझी आद्याक्षरं दाखवायची गरज नव्हती. ‘आजवरची सगळ्यांत चांगली होती’ एवढं म्हणायचं होतं. पण तिनं दुसरा प्रश्नही विचारला होता ना. त्याचं काय उत्तर देणार? आणि हे फोन नोंदवून ठेवत असतील तर? आमच्या कंपनीला उलट विचारलं तर? — बघा, तेवढ्या दोन क्षणांतही माझं डोकं चालूच.

मी म्हणाले, नीटसं आठवत नाही हो, खूप मुलं येऊन जातात.

“काही हरकत नाही मॅडम,” ती म्हणाली. “तीन नावं दिलीयत त्यांनी. तुमचं सगळ्यांत वर होतं, म्हणून आधी तुम्हालाच लावला.”

मी बरं म्हणाले आणि फोन ठेवला.